शकूच्या बापाला सांगितलं

चैत्र पौर्णिमा, सन १९७४
शकू परत झटका येऊन पडली. वसंता कर्जतच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सून सुमन बाहेर बाकावर. डॉक्टर म्हणे, बायका रडतात, मी वडिलांशीच बोलतो. बोलला तेही इंग्रजीत. वसंता येऊन सांगतो, "आई, तिच्या मेंदूत करंट होतो." आमच्या दहिवलीच्या घरात अजून वीज आली नाय, नातीच्या डोक्यात बरी आली! गोळ्या दिल्यात. कधीपर्यंत घ्यायच्या, कोणी विचारलं नाय.

चैत्र वद्य अष्टमी
गोळीनं पोर दिवसभर पेंगते. जेवताना मान ताटात. सुमन म्हणाली, "झटका अवसेपुनवेलाच येतो, मधल्या दिवशी गोळी कशाला?" मलाही पटलं. आता अवसपुनव आली की द्यायची.

वैशाख शुद्ध दशमी
अवस नाय, पुनव नाय. शकू चुलीपाशी पडली. हात भाजला. शेजारीण नाकाला चप्पल लावते, वसंता दातांत चमचा कोंबतो, सुमन नुसती ओरडते. काय करावं ते एकालाही...

वैशाख शुद्ध एकादशी
आज मीच संगती गेले. डॉक्टर सुमनच्या अंगावर आला, "गोळी रोज द्यायची असते! अडाणी आहात का?"
म्हटलं, "हिला कधी सांगितलंत?"
"वडिलांना सांगितलं होतं."
वसंता खाली बघतो. एक अक्षर कळलं नाय नि यस सर, यस सर करून आला होता मेला. माझाच मुलगा, बोलू कोणाला!
म्हटलं, "आता हिच्या तोंडावर सांगा. मराठीत." घड्याळ बघितलंन, पण सांगितलंन. झटका नाय आला तरी गोळी रोज. आपल्या मनानं बंद करायची नाय. पडली तर कुशीवर वळवा, तोंडात काय घालू नका. कांदा नको, चप्पल नको. सुमननं विचारलं, "बरी होईल?"
"काही मुलांचं जातं. हिचं जाईल का, आज सांगता येत नाही."
एवढं सांगायला जीभ झिजत होती काय त्याची? पोर भाजायची वाट बघत होता!

वैशाख शुद्ध द्वादशी
शकू हाताची पट्टी कुरतडत बसलेली. एकदम म्हणाली, "आजी, मला काय झालंय गं? मी मरणार काय?"
एवढी माणसं बोलली, पण पोरीला कोणी सांगितलंच नाय. आणि मी? खेकसले. "गप बस. आधी गोळी गिळ."
गिळलीन. अजून समोर बसलीय. माझ्या तोंडाकडं बघत.