बिब्ब्याच्या तेलाची फळी

नाना, आज तुमच्या थोरल्या लेकीने, अक्काने, तुमची हत्यारांची पेटी उघडली. नरडाण्याचा एक सुतार रंधे आणि पटाश्या मागून गेला आहे, उद्या तो न्यायला येईल. तोवर गंज पुसून ठेवावा म्हणून मी साक्रीच्या आपल्या ओसरीवर चिंधी आणि तेल घेऊन बसलो होतो. पेटीच्या तळाशी माझेच एक कार्ड निघाले. तुम्हाला वाचता येत नव्हते, तरी ते तुम्ही इतकी वर्षे पटाश्यांखाली नीट सपाट ठेवले होते. त्या कार्डाविषयी मला तुम्हाला काही सांगायचे आहे, आणि ते सरळ सांगायला जमत नाही म्हणून मागचे सगळे आठवून लिहीत बसलो आहे.

बंदरावर मला काम लागल्यानंतर पहिल्यांदा घरी आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बैलगाडीचा साटा उलटा टाकून, वाळवी लागू नये म्हणून त्याला बिब्ब्याचे तेल लावत होता. हातांना आधी खोबरेल चोपडलेले, तोंडाला फडके. मी लांब उभा राहून सांगत होतो की जहाजाच्या पोटाला पाण्याखाली पांढरे, टोकदार, दगडासारखे शिंपले चिकटतात, त्यांनी जहाज जड होते, आणि ते बसू नयेत म्हणून आमचे साहेब निरनिराळे रंग लावलेल्या फळ्या समुद्रात टांगून पाहतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हंजे जहाजले बी गोचीड लागस." अक्का चुलीपाशी हसली. "मन्हा तेलना लाकूडले उधई लागत नही," तुम्ही म्हणालात. "तुन्हा गोचीडले दखाडी दे एकदा." निघताना तुम्ही बाटली दिलीत. बूच मेणाने बंद केलेले, वर केळीच्या सोपटाची गुंडाळी. चाळीसगावला गाडी बदलताना मी ती छातीशी धरून उभा होतो. एका बाईने विचारले, गंगाजल आहे का. मी हो म्हणालो, कारण बिब्बा म्हटले असते तर अंगावर फोड येतील या भीतीने डबा रिकामा झाला असता.

बंदरावर माझे काम फळ्या मोजण्याचे. वीतभर लांबरुंद सागाच्या फळ्या, प्रत्येकीला पितळी बिल्ला, दर आठवड्याला वर ओढून त्यावर किती शिंपले बसले ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. साहेबांनी भिंगातून मला त्यांची पिल्ले दाखवली होती. टाचणीच्या टोकाएवढी, पाण्यात भिरभिरणारी. ती फळीवर उतरतात, इकडेतिकडे चाचपून पाहतात, जागा पटली नाही तर निघून जातात. पटली तर डोके टेकवून चिकटतात आणि मग जन्मभर हलत नाहीत. मी साहेबांना भीत भीत तुमच्या तेलाचे विचारले. ते म्हणाले, "लावून बघ. पण नव्या फळ्या मोजक्या आहेत, एखादी मिळते का ते बघ." नवी फळी मागायला कोठीवर जावे लागे, आणि कोठीवरचा माणूस चारचौघांत ओरडे. मला ते सहन झाले नसते. म्हणून मी टाकलेल्या फळ्यांतून एक उचलली. तिच्यावरचे शिंपले खरवडले, वाळूने घासली, सोड्याच्या पाण्यात उकळली, तासली, पुन्हा घासली. नव्यापेक्षा स्वच्छ दिसत होती. तिला तुमचे तेल दोन हात लावले आणि वहीत लिहिले, "नवी फळी, बिब्बा".

तीन आठवड्यांनी ती वर ओढली तेव्हा दोर ओढणाऱ्यांची सगळी रांग हसली. काही न लावलेल्या फळीपेक्षाही तिच्यावर शिंपले दाट होते. दोरावरचा कोळी म्हणाला, "तुझ्या बापानं तेल नाय, आवतण धाडलंय!" माझे कान तापले. त्याच दिवशी मी तुम्हाला लिहिले की तुमचे तेल समुद्रात चालत नाही, पुन्हा पाठवू नये. नंतर अक्काकडून कळले, ते कार्ड पोस्टमनने तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचले, आणि बाजारात लोक तुम्हाला "काय नाना, दर्या काय म्हनस?" असे विचारू लागले.

तुम्ही शाळेच्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलेत. एकच ओळ होती: फळी नवी होती का? मी लगेच उलट टपाली कळवले: होय, नवी होती. आज पेटीत निघाले ते हेच कार्ड. अक्षर माझे, वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

तुम्ही ते का विचारले, ते मला माहीत होते, नाना. मी घरीच होतो तेव्हाची गोष्ट. हिंगाच्या पेटीची फळी तासून मी एक काठवट केली होती. शेजारच्या काकूंनी ती परत आणली, भाकरीला हिंगाचा वास येतो म्हणून. मी म्हणालो, मी पुरता रंधा मारला आहे. तुम्ही काठवट नाकाशी धरली. "तू रंधा मारा, पन लाकूड इसरनं नही," एवढेच म्हणालात आणि त्यांना नवी करून दिलीत.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर साहेबांना एक गोष्ट खटकली. खरवडलेल्या फळ्यांवर शिंपले लवकर बसत होते, कोणताही रंग असो. ते म्हणाले, जुन्या शिंपल्यांचे काहीतरी लाकडात मुरून राहत असावे आणि पिल्ले त्यावरून आपली माणसे ओळखत असावीत. बाटलीच्या तळाशी तुमचे थोडे तेल उरले होते. मी कोठीवर गेलो, ओरडा खाल्ला, कोरी फळी आणली, तेल लावले. पहिला महिना तिच्यावर कडेला मोजून चार शिंपले होते, मध्ये एकही नाही. पुढे तेल धुपले आणि तेही आले. तांब्याचा रंग त्याहून टिकला. तुमचे तेल जहाजाच्या उपयोगाचे नव्हते, पण खोटेही नव्हते. तुम्ही मात्र शेवटच्या वर्षी एकाही गाडीला ते लावले नाही, असे अक्का म्हणते. तेल काढायच्या भट्टीची मडकी तुम्ही स्वतः फोडलीत.

मघाशी कार्ड माझ्या हातात पाहून अक्काने विचारले, "काय लिखेल शे?" मी जसे होते तसे वाचले. ती पीठ मळता मळता म्हणाली, "मंग तेलमाच खोट व्हती. बिचारा नाना." मी मान हलवली.

आता चिंधी बाजूला तशीच पडली आहे. अक्का आत भाकरी थापते आहे, तुमच्याच काठवटीत पीठ मळून. सुतार उद्या येईल आणि तिला बिब्ब्याचे तेल कसे काढायचे तेही विचारील, कारण त्याने तुमचे नाव ऐकले आहे. ती त्याला ते लावूच नको म्हणेल. हे पत्र कुठेच जायचे नाही. ते मी आत जाऊन तिलाच वाचून दाखवायला हवे, आणि त्याची मला कोठीवरच्या ओरड्यापेक्षा जास्त भीती वाटते.

फळी जुनी होती, नाना.