निशाच्या अर्जातली पहिली ओळ

बिबवेवाडी, सोमवार, २ जून २०२५

चि. विश्वजीत, आशीर्वाद आहेच, पण तो मागाहून.

बहिऱ्या पोरीची मुलाखत फोनवर घेतात होय रे तुमच्या कंपनीत? तीनदा फोन आला. तिन्ही वेळा निशा मोबाईल धरून धावत माझ्याकडे आली, आणि मी कणकेत कोपरापर्यंत. शेवटी घेतला. म्हटलं, मी तिची आई, माझ्या लेकीला ऐकू येत नाही, लिहून विचारा. तर ती बाई म्हणे, उमेदवाराशीच बोलायचं असा नियम आहे. संध्याकाळी मेसेज: प्रतिसाद दिला नाहीत, अर्ज बंद.

आणि तूच ना ऑफिसातल्या ‘इथे प्रत्येकाला जागा’ या फलकाखाली उभं राहून फोटो पाठवला होतास? भरतीच्या खात्यात बसतोस, अर्ज तुझ्या हातून गेला, आणि आतेबहिणीसाठी एक शब्द टाकवला नाही? शेजारचा राकेश मित्राच्या ओळखीने लागला. आमची ओळख म्हणजे तू एकटा.

फोनवर तू कायम मीटिंगमध्ये, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या डब्यात घातली. चौथी पास बाईच्या अक्षराला हसू नकोस. भाजी कारल्याची आहे, मुद्दाम केली.

मथुराआत्या

कोथरूड, मंगळवार, ३ जून

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

कारलं निमूट संपवलं. समोर बोलायची हिंमत नाही म्हणून लिहितोय. चूक कंपनीची आहे, पण आधी माझी.

निशाने अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘मला ऐकू येत नाही, माझ्याशी लिहून बोला.’ ती ओळ मी काढली. अशा अर्जांची आमच्याकडे वेगळी यादी होते. त्यातल्यांना फोटोसाठी बोलावतात, कामासाठी क्वचित. संगणकाच्या चाचणीत निशा सगळ्यांत पुढे होती. वाटलं, आधी गुण दिसू देत. नातंही लपवलं, बहिणीला घुसवलं म्हणतील म्हणून. पुढची फेरी फोनवर असते हे मला ठाऊक होतं. साहेबांना आधी सांगणार होतो, धीर झाला नाही.

पुढच्या महिन्यात नवा अर्ज भरू. तोवर निशाला काही सांगू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझा विश्वजीत

बिबवेवाडी, बुधवार, ४ जून

चि. विश्वजीत, आशीर्वाद.

वाचून आधी पातेलं आपटलं. मग चिठ्ठी निशाला दाखवली. तुला राग येईल, येऊ दे. ती रडली नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, ‘ओळ माझी होती. काढताना दादाने मला विचारलं का?’

मीसुद्धा रिक्षात तिचे हात खाली ओढते, हातवारे नको, लोक बघतात म्हणून. तिला विचारून नाही ओढत. तेव्हा तुला एकट्याला काय बोलू? तू वाईट नाहीस रे, घाबरट आहेस. आपल्या घराण्यातच आहे ते.

पण नवा अर्ज नको. हाच उघडायला लाव. साहेबांना सांग, ही माझी आतेबहीण, हिला ऐकू येत नाही, आणि तिची ओळ मी काढली. समोर बसवा, कागदावर विचारा. नापास झाली तर मी हूं की चूं करणार नाही. तुझ्यावर शेकेल, हे कळतं मला. शेकलं तर सोबत मी येईन, साहेबांशी मी बोलेन.

लोभ आहे आणि राहील, तुझ्या उत्तरावर तो टांगलेला नाही. पण उत्तर शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत पाहिजे. आणि ते मला नको लिहूस. निशाला लिही.

मथुराआत्या