वास आला की हात वर करा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्यापुढे माझं खोटं कधी टिकलं नाही, म्हणून आज तुम्हालाच लिहायला बसले आहे.

लातूरच्या शाळेतला आमचा नववीचा वर्ग. खिडक्या बंद, पंखा बंद, जीव नुसता उकडून निघालेला. तुम्ही टेबलावर अत्तराची बाटली उघडता आणि म्हणता, "वास आला की हात वर करा. न्हाई आला तर गप बसा." पहिल्या बाकावरचे हात वर होतात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या बाकावरून माझाही. तेव्हा तुम्ही ती बाटली तोंडाला लावून एका घोटात रिकामी करता. साधं पाणी! वर्ग हसला, पण तुम्ही सरळ माझ्याजवळ आलात. "नाक तुझं हाय ना? मग शेजारणीला बघून हात का वर केलीस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग खरं अत्तर उघडलंत आणि शिकवलंत, की कण एकमेकांवर आदळत, भरकटत दाटीतून मोकळ्या जागेकडे पसरत राहतात, त्यांना वारा लागत नाही. त्या वेळी मी सगळ्यात शेवटी हात वर केला. शाळा सुटताना तुम्ही अत्तराचा बोळा माझ्या तळहातावर ठेवलात. दहावी संपेपर्यंत तो माझ्या कंपासपेटीत होता.

गेल्या वर्षी मुरुडला, माझ्या सासरी, सासूबाईंनी तुरीच्या कोठीत किडीसाठी विषारी गोळ्या टाकल्या. त्यांचा हळूहळू गॅस होतो. सासूबाईंनी कोठीच्या खोलीचं दार लावलं, फटींना ओली माती लिंपली आणि शेजारच्या खोलीत माझ्या लेकीला कुशीत घेऊन दुपारच्या आडव्या झाल्या. मधली भिंत पत्र्याला टेकलेलीच नाही, वर हातभर मोकळी आहे. मी दारात उभी राहून त्या मोकळ्या जागेकडे बघते आहे.

"आत्याबाई, उठा. इथं झोपू नका."

"दार लावलंय की. दरसाली टाकताव, कोन मेलंय? वास यायलाय का तुला?"

कसलाही वास येत नव्हता. मी म्हणाले, "यायलाय. लसणासारखा." पाकिटावर तसं वाचलं होतं. त्या बडबडत उठल्या आणि आम्ही तिघी जावेच्या घरी राहायला गेलो. गोळ्यांची मुदत संपल्यावर दारं उघडली, तर लेकीच्या उशीवर दोन पाली मरून पडलेल्या.

तेव्हापासून सासूबाई गल्लीभर माझ्या नाकाचं कौतुक सांगतात. मीही ऐकून घेते. खोटं कळलं तर पुन्हा माझं कोण ऐकेल, या धास्तीनं वर्षभर तोंड उघडलं नाही. काल नवी तूर कोठीत भरली. आज जेवताना त्या लेकीला म्हणाल्या, "औंदा कुठं जायचं न्हाई बग. तुझी आई हाय की. वास आला की उठवंल आपल्याला." वास कळेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, सर, आणि या दोघी माझ्या नाकाच्या भरवशावर तिथं झोपणार आहेत.

गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. अंगणात सासूबाई माती भिजवताहेत, पाण्याचा आवाज येतोय. हा कागद घडी करून लेकीच्या कंपासपेटीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठं पाठवणार?

सर, गेल्या वर्षी त्या दुपारीही वास आला नव्हता. तुम्हाला सांगून झालं. आता उठते, आत्याबाईंना सांगायचंय.