लिंबाखालची बाटली

ओतिलिया,

बोट सुटायची वेळ झाली म्हणून घाईत लिहितोय. बेटावर ताईच्या घराचं छप्पर गळतंय, संध्याकाळपर्यंत येतो. भात-राजमा झाकून ठेवलाय.

मांजरांना बुजवायला तू वाफ्यांभोवती ठेवलेल्या बाटल्या पाण्याने भरल्यात. संत्र्याच्या सालीही ताज्या टाकल्यात. पहाटे सरोवरावरचं धुकं पार अंगणात आलं होतं. ऊन पडलं तशी एकेका बाटलीत एकेक उलटी बाग तरंगायला लागली. मी आपला बघतच बसलो, म्हणून उशीर.

लिंबाखालची बाटली मात्र रिकामी आहे. त्यावरून शेजारच्या एउलोहियाबाईंशी पुन्हा भांडू नकोस. "तुमची मांजरं रोज बाटली पाडतात," असं तू परवा कुंपणावरून त्यांना सुनावलंस. बाटली महिनाभर मीच आडवी करतोय. तिथून फक्त ती करडी मांजर येते, आपल्या लेकीची, याओस्काची. कोथिंबिरीला पाय लावत नाही. पोरीच्या खिडकीखाली ऊन चढेपर्यंत झोपते, मग जाते.

तुला न सांगता गेली, पण सान होसेहून दर रविवारी फोन करते पोरगी. तेव्हा तू मागच्या दारी जाऊन बसतेस. ती आधी मांजरीचं विचारते. मग म्हणते, "आई कशी आहे?" मी म्हणतो, "बरी आहे, बागेत आहे."

आज रविवार. फोन अकराला वाजेल, आणि घरात तू एकटीच असशील. मांजर बरी आहे, एवढं तरी सांग.

एवारिस्तो