बेअरिंग बसलं, सही राहिली

सक्करदरा, नागपूर
ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप विश्वनाथदादांच्या सेवेशी,

धाकट्या कुसुमचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत. अकोल्याला तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असावी. (तुमचा रक्तदाब वाढलाय हे पत्रातल्या अक्षरावरूनच कळलं.) तुम्ही इथे नागपूरला येऊन रजिस्ट्री ऑफिसात सकाळपासून स्टॅम्पपेपर घेऊन बसलात, दोन्ही साक्षीदारांना दोनदा तर्रीपोहे खाऊ घातलेत, आणि मी बाबांच्या बेसाच्या शेतातला माझा अर्धा हिस्सा सोडायला आलेच नाही. ‘मुद्दाम आली नाहीस’ असं तुम्ही लिहिलंत. दादा, मुद्दाम काही करायची मला सवय असती, तर हिस्सा सोड म्हणायची तुमची हिंमतच झाली नसती. मी निघाले होते. तुम्हीच दिलेल्या गाडीतून निघाले होते, तिथेच चुकलं.

हिश्श्याच्या बदल्यात तुम्ही तुमची जुनी अँबॅसेडर आम्हाला दिलीत. बहिणीला मोटार देणारा भाऊ दुसरा दाखवा, असं चारचौघांत म्हणालातही. तुमची पाठ वळली आणि मागच्या चाकातून जातं फिरल्यासारखी घरघर सुरू झाली. (वहिनींनी मला लिहिलंय की घरघर आधीपासूनच होती, पण तुम्ही रेडिओ मोठ्याने लावायचात. त्या भाबड्या आहेत, त्यांना रागावू नका.) आवाज कुठल्या चाकाचा यावर घरात एकमत होईना. ह्यांना तो डावीकडून ऐकू येई. सासूबाईंना थेट आपल्या बुडाखालून येई, मग त्या कुठल्याही बाजूला बसोत. शेवटी बळीराम मेकॅनिकला गाडीत बसवून चक्कर मारली. तो डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला, पण ह्यांनी हलवल्यावर म्हणाला, “मास्तर, आवाज डावीकडूनच येऊन राहिला. माह्या कानावर भरवसा नाही काय?” त्याच्या बिलात पहिली रक्कम ‘आवाज ऐकणे, दहा रुपये’ अशी आहे. असली बेअरिंग एकशेचाळीस, नकली पंचावन्न, आणि नकलीवर ‘असली’ असं छापलेलं. बळीराम म्हणाला, दोन्ही बाजूंची बदला. हे म्हणाले, दुखतोय तोच दात काढायचा. हे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे घरात त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

जुनं बेअरिंग छिन्नी-हातोड्याने निघालं. नवं काही बसेना. ते तेलात तापवलं की जरा फुगतं आणि अलगद सरकतं, अशी रीत आहे म्हणे. बळीरामच्या स्टोव्हमधलं मातीचं तेल संपलेलं, म्हणून ही मिरवणूक माझ्या स्वयंपाकघरात आली. दादा, रांगेत उभं राहून आणलेलं फल्लीचं तेल, दिवाळीच्या चकल्यांसाठी राखलेलं, आणि त्यात तुमच्या गाडीचं बेअरिंग तळलं. झाऱ्याने उलटून पालटून तळलं. वर ह्यांनी मला उष्णतेने धातूचं प्रसरण कसं होतं ते समजावून सांगितलं. त्या कढईतलं आता घरात कुणी तोंडाला लावत नाही, आणि सासूबाई त्यासाठीही माझ्याच माहेरचा उद्धार करतात.

एवढं करून रजिस्ट्रीच्या सकाळी निघालो तर घरघर होतीच. चाक उजवं होतं. सातबाराचा ताजा उतारा आण, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून आधी बेसाला तलाठ्याकडे गेलो. उतारा मिळाला. परतताना चाक जे जाम झालं ते आपल्याच शेताच्या धुऱ्याशी. आपलं शेत वाहणाऱ्या धोंडबांची सायकल घेऊन हे बळीरामला आणायला गेले. तो आला तो, “मी पहिलेच म्हणलो होतो, दोन्ही टाका,” असं म्हणतच उतरला. जुन्या बेअरिंगची अडकलेली कडी धोंडबांच्या सब्बलीने ठोकून काढली. नव्या बेअरिंगसाठी तेल तापवायला चूलही त्यांचीच आणि कढईही त्यांच्या सुनेची. (तिच्याकडे मला बघवेना.) चाक बसलं तेव्हा ऑफिस बंद होऊन गेलं होतं.

तोवर मी धुऱ्यावर बसून होते. लग्न झाल्यापासून त्या शेतात मी पाय ठेवला नव्हता. तूर कमरेएवढी झाली आहे. मधे मधे चुना लावलेल्या खुंट्या दिसल्या, म्हणून मी विचारलं. धोंडबा म्हणाले, “तुमाले ठाऊक नाही काय ताई? दादा माणसं घेऊन आले होते. फीत लावून मोजलं. प्लॉट पाडून राहिले म्हने. मले तर पुढच्या साली पेरू नको म्हनलं.” मला तुम्ही सांगितलं होतं की जमीन खडकाळ आहे, दगडांशिवाय काही पिकत नाही, उगाच सातबारावर दोन नावांची अडचण नको. दादा, मला फार वाईट वाटलं. मागितलं असतंत तर मी दिलंही असतं. खोटं सांगून घेतलंत, याचा राग आला आणि अजून आहे.

पुढच्या सोमवारची तारीख तुम्ही कळवली, ती पोचली. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ तुमच्या सोयीप्रमाणे असू द्यावा.

तुमची आज्ञेतली बहीण,
कुसुम

ता. क. सोमवारी मी येणार नाही. त्यापुढच्या कुठल्याही वारी येणार नाही. दोन एकर तुमचे, दोन माझे. तुमच्या दोनात खुशाल प्लॉट पाडा. माझ्या दोनात धोंडबा पेरतील, त्यांना तसं सांगून आले आहे. खुंट्याही उपटल्या. त्या तुमच्या गाडीच्या डिकीत आहेत.

आणखी एक. गाडी येऊन घेऊन जा. मागची दोन्ही बेअरिंग नवी आहेत, असली आहेत, गाडी आता पाण्यासारखी चालते. बेअरिंगचे, मजुरीचे, तेलाचे पैसे मी मागणार नाही. आजवर दर भाऊबीजेला तुम्ही घालत आलात, यंदाची ओवाळणी माझ्याकडून.