क्लच नसलेली गाडी

१० ऑक्टोबर १९७७, सोमवार

गाडीनं आज भर रस्त्यात दगा दिला. हातकणंगले स्टेशनवर सुताची बाचकी भरली, कबनूरच्या वाटेला लागलो, आणि चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी जागची हलेना. मागून वैरणीची बैलगाडी आली आणि मला मागं टाकून गेली. गाडीवान वळून बघत होता. हसला असता तरी परवडलं असतं.

कसंबसं सूत पोचवलं. परत येताना जळकट वास. रिकामी गाडीसुद्धा रडत रडत घरी आली.

११ ऑक्टोबर

सकाळपासून सल्ले. गल्लीतले तालमीतले गडी न बोलावता आले. "काका, ढकलून चालू करू की." म्हटलं, बाबांनो, इंजिन चालू होतंय, पुढचं बिघडलंय. ऐकतंय कोण! चौकापर्यंत ढकलत नेली आणि तशीच ढकलत परत आणली. घाम गाळून सगळे खूष. मी बायकोवर, शालूवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता.

दुपारी उद्यमनगरातून जोतीराम मिस्त्रीला आणलं. हा माणूस ट्रकचं इंजिन डोळे मिटून खोलतो. या गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना.

"क्लच कुठं हाय हिचा?"

"नाही."

"मग गिअर पडतोय कसा?"

"आपोआप."

"आपोआप हुतंय व्हय काय जगात? माझ्या घरात भाकरी बी आपोआप हुत न्हाय."

चार वर्षांपूर्वी धरणाच्या कामावरच्या लिलावात हेच झालं होतं. परदेशी साहेबांची पिकप, पण क्लच नाही म्हटल्यावर कुणी बोली लावेना. मला मात्र बघताक्षणी कळलं – हिला डाव्या पायाचं काम नाही, आणि मला डावा पाय नाही. गुडघ्याखाली लाकूड. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायानं. परवाना मिळाला तोही एवढ्या एका गाडीपुरता. ही गेली की मी घरात बसलो. हे जोतीरामला सांगितलं नाही. त्याला दिसतंय की.

१२ ऑक्टोबर

गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक ट्रंकेतून काढलं. शेजारच्या नंदिनीबाई हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. त्यांनी चष्मा लावून वाचलं. गिअरबॉक्समधलं तेल ठराविक मैलांनंतर बदलावं. चार वर्षांत मी एकदाही बदललेलं नाही! तेल लाल असावं. काळं असेल आणि जळका वास येत असेल तर ते संपलं. तेल मोजायची पट्टी काढून बघितली – काजळ.

शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. तेलाची पातळी इंजिन चालू आणि गरम असताना तपासावी.

जोतीराम म्हणाला, "इंजान चालू ठिवून तेल बघतंय व्हय कोण? बाई इंग्रजीच्या हायत, गाडीच्या न्हवं."

१३ ऑक्टोबर

घट बसले. जोतीराम नव्वद नंबरचं जाड तेल घेऊन दारात हजर. सगळ्या ट्रकच्या गिअरबॉक्सला हेच चालतं म्हणाला. मी कुबडी आडवी धरून गाडीपुढं उभा राहिलो. "मग काय पायजे ते तुमीच घाला, पिराजीराव," म्हणून डबा उचलून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

१४ ऑक्टोबर

लाल तेल कोल्हापुरात नाही. सांगलीत नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

बाळासो आले. कबनूरला त्यांचे चोवीस माग आहेत, माझ्या गाडीला काम आहे ते त्यांच्यामुळं. खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नाहीत. "खंडेनवमी-दसऱ्याला माग बंद. शनिवारी सकाळी धा वाजता सूत दारात पायजे. दिवाळीचं कापड हाय. न्हाय जमलं तर आत्ताच सांगा, मुरगूडचा टेम्पोवाला कवाधरनं माझ्या मागं लागलाय."

जमतंय म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो देव जाणे.

जाताना त्यांनी विचारलं, "त्या घाटातल्या अपघाताची काय भरपाई मिळाली का न्हाय?" नाही म्हणालो. अपघात झाला असता तर मिळाली असती. पाय साखरेच्या आजारानं गेला. सव्वीस वर्षं ट्रक हाकला, घाटात कधी खरचटलं नाही, आणि पाय गेला तो रक्तातल्या साखरेनं – हे चार ड्रायव्हरांत कुठल्या तोंडानं सांगायचं? शालूला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक. बाकीच्यांना मी घाट सांगतो. आता तो घाट मलाही खरा वाटायला लागलाय.

१७ ऑक्टोबर

जुना जोडीदार आकाराम मुंबईची एस.टी. चालवतो. स्टँडवर गाठून पुस्तकातलं तेलाचं नाव कागदावर लिहून दिलं. जोतीरामच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली नाही, पण त्याचा चहा प्यालो. बिनसाखरेचा मागितला तर "अजून राग हाय व्हय?" म्हणाला.

१९ ऑक्टोबर, अष्टमी

आकारामनं तेल आणलं. ड्रायव्हरच्या सीटमागं गोधडीत गुंडाळून! कुंकवासारखं लाल. जोतीराम बोटांवर घेऊन चोळत बसला. "ह्ये तेल न्हवं, सरबत हाय," म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

लगेच गाडी ठोकळ्यांवर चढवली, गिअरबॉक्सखालचा चेंबर उतरवला. काळं पाणी निघालं. तळाला लोखंडाचा बारीक चुरा. जाळी रॉकेलनं धुतली. पॅकिंग मात्र फाटलं. तोवर सांज झाली. "उद्या सकाळी बुचाचं नवं कापतो, तासाचं काम," जोतीराम म्हणाला. मीही बरं म्हणालो.

(हे दुसऱ्या दिवशी लिहितोय: दोघेही म्हसोबा!)

२० ऑक्टोबर

खंडेनवमी. जोतीरामचे पाने, हातोड्या, कात्री, सगळं पाटावर. हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. कालच अष्टमी होती, तर आज नवमी असणार हे दोन घोड्यांच्या डोक्यात आलं नाही.

गेलो आणि म्हटलं, एक कात्री तेवढी उचल. त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी विषयच सोडला. त्याची आई म्हणाली, "वरीसभर राबत्यात ती. एक दीस बसू द्या की बापड्यांस्नी." तिच्यापुढं काय बोलणार? मीसुद्धा ट्रकवर असताना या दिवशी पान्याला हात लावला नाही कधी. पण तेव्हा माझी गाडी पोट फाडून ठोकळ्यांवर नव्हती.

२१ ऑक्टोबर, दसरा

शालूनं ठोकळ्यांवरच्या गाडीला हार घातला, नारळ फोडला. मी म्हटलं, मढ्याला हार घालतीस. "दसऱ्याच्या दिवशी तोंड आवरा," म्हणाली. आवरलं.

संध्याकाळी जोतीराम सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात ठेवून म्हणाला, "उद्या पाचला येतो. धाला तुमी कबनुरात."

२२ ऑक्टोबर, शनिवार

चालली! तूप खाल्ल्यासारखी चालली!

जोतीराम खरंच पाचला आला. पॅकिंग कापलं, चेंबर चढवला, लाल तेल ओतलं. ओतताना मी थांब थांब म्हणतोय तर हा, "जरा जास्त असल्यालं बरं," म्हणत ओततोच आहे. पाहुण्याच्या ताटात आमटी वाढल्यासारखं. रंकाळ्यापर्यंत फेरी मारून आलो तर पट्टीच्या नळीतून फेस वर! मग नंदिनीबाईंचं वाक्य खरं ठरलं. इंजिन चालू ठेवून मोजलं तेव्हा कळलं, बरंच जास्त झालंय.

इंजिन बंद करून तळाचा नट सैल करायला घेतला. मी खाली बसून पाय पसरून घमेलं धरलं. नट जोतीरामच्या बोटांतून निसटला आणि तेलाची धार घमेल्याबाहेर. त्यानं हात झटकत काय नाच केला! "आई आई" करत गल्ली जागी केली. शालू पाण्याची बादली घेऊन धावली. एवढं काही गरम नव्हतं, माझ्याही पायावर सांडलं की. पण मिस्त्री लोक भारी नाजूक. नट मीच बसवला. त्यावरून त्याला मनसोक्त चिडवलं.

पावणेदहाला सूत बाळासोंच्या दारात. ते घड्याळ बघून नुसते "हं" म्हणाले. दिवसभरात तीन खेपा केल्या. हातकणंगल्याच्या त्याच चढावर एका ट्रकला मागं टाकलं. बारा दिवसांत पहिल्यांदा शिवी तोंडात आली नाही. आज गोड खावंसं वाटलं. शालूनं दिलं नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पायावर पाणी घालताना शालू थबकली. "ह्ये कवा भाजलं?"

उजव्या पावलावर घोट्यापासून बोटांपर्यंत फोड. दोन फुटून चपलेच्या पट्ट्याला चिकटलेले. कालचं तेल. जोतीरामच्या बोटांना चिंध्या बांधल्यात, आणि मला कळलंसुद्धा नाही.

शालूनं अंगठ्याला टाचणी टोचली. डोळे मिटून बसलो होतो. "टोचली का?" मी विचारलं, तर ती रडत होती. डाव्या पायाचं असंच सुरू झालं होतं.

काल दिवसभर, बाचकी भरून, भर बाजारातून, मी याच पायानं ब्रेक दाबत होतो.

किल्ली शालूनं मागितली नव्हती. मीच तिच्या हातात दिली.