धोंडीचा रानबेंडूक

२१ जून १९६२
पाणी नाही. पोरं पुढच्या आयतवारी धोंडी काढणार. मुसळाले बेंडूक बांधून घरोघर पाणी मागायचं, बाया वरून हंडा ओततात, ज्वारी देतात. मुसळ धरते तो लीडर. यंदा मीच. सांगून टाकलं, विहिरीतला फालतू बेंडूक नाही, दरीतला रानबेंडूक आणतो. झाडाच्या ढोलीत राह्यते, घंटी वाजल्यासारखा वरडते. तो वरडला की गाव पेरणी धरते. इंद्रभान म्हणे, आणून दाखव, नाही तं मुसळ माझं. लंगोटीयार असून असं बोलते!

२२ जून, दुपार
बेहड्याच्या ढोलीत आहे. आवाज ऐकला. ढोली लय उंच. चढलो नाही. भेलो नाही, पँट नवी होती.

२३ जून, सकाळी
फर्स्टक्लास प्लॅन. टेकडीपलीकडं भगवंतराव ठेकेदाराची माणसं लाकडं तोडून राह्यली. त्यायले सांगतो, बेहड्यात मोहोळ आहे. ते झाड पाडतीन, मी बेंडूक उचलीन.

संध्याकाळी
पाडलं. मोहोळ नाही म्हणून शिव्या भेटल्या. बेंडूक टुणकन दुसऱ्या झाडात. त्याच्यासाठी एवढं केलं, थांबला नाही. बेइमान.

२७ जून
ठेकेदार दगाबाज. म्या एक झाड दाखवलं, हा सारी दरीच साफ करून राह्यला. इचारलं, काऊन हो? म्हणे, इतका माल इथं हाये हे तूच तं दाखवलं बे! वरून गुळाचा खडा देला. खाल्ला. रागातच खाल्ला.
तसा फायदाच आहे. झाडं कमी, बेंडूक लवकर सापडन.

३० जून
दरीत नुसते बुंधे. बेंडूक नाही. आवाज नाही. गेला असन कुठं पाव्हणा. इंद्रभानले म्हटलं, विहिरीतला चालवून घे. म्हणे, आता नाही, बोलला तसा आण. सारे फिरले माझ्यावर.

१ जुलै
मुसळ इंद्रभानजवळ. बेंडूक नाही म्हणून पोरायनं मलेच निंबाचा पाला गुंडाळला. विरोध केला. बेताचा.
मंजुळाबाईनं हंडा ओतला अन् म्हणे, यंदा रानबेंडूक एकदाही वरडला नाही बाप्पा, पेरू कशावर? घरात बियाणं एकाच पेरणीपुरतं हाये. इंद्रभाननं मले ढोसलं, "वरड बे, तुले ठाऊक हाये त्याचा आवाज."
वरडलो. हुबेहूब. मंजुळाबाई डोक्यावरचा पदर सारून दरीकडं कान देऊन राह्यली. म्हणे, अजून एकदा.
अजून एकदा वरडलो.
तिकडून जबाब नाही. गद्दार.